व्यायामाचा कंटाळा असणाऱ्यांनो, निदान या चुका टाळा

माझ्याकडे एक जांभळी योगा मॅट आहे. घेतली त्या आठवड्यात चार दिवस वापरली, पुढे उन्हाळ्यात तिच्यावर जुनी साडी अंथरून कुरडया वाळल्या. आळशी माणसाने व्यायामाची सुरुवात खरेदीने करू नये, हे तेव्हा कळलं. भिंत, खुर्ची आणि स्वयंपाकघराचा ओटा एवढं प्रत्येक घरात असतंच.

त्याहून मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी मर्दुमकी गाजवणं. मी व्हिडिओ लावून एका दमात पन्नास उठाबशा काढल्या. संध्याकाळी काहीच वाटलं नाही, म्हणून स्वतःवर खूश झाले. तिसऱ्या दिवशी कमोडवरून उठताना दाराची कडी धरावी लागली! सवय नसताना स्नायूंना ताण दिला की दुखणं उशिरा येतं. एक ते तीन दिवसांत ते सगळ्यात जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं. त्यामुळे आज झेपलं की नाही, हे परवा ठरवायचं. तोवर घरात हिंडत-फिरत राहिलं तर बरं वाटतं. दुखणं स्नायूत नसून सांध्यात असेल, टोचल्यासारखं असेल किंवा सूज आली असेल, तर तो प्रकार थांबवा.

आता माझं माप कुकरच्या शिट्ट्या. वरणाचा कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण यातही चुकायला भरपूर वाव आहे. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवा. पायात मोजे नकोत. पावलं फार पुढे ठेवली तर हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नाही, ती थोडी मागे, गुडघ्यांच्या खाली घ्या. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर मुद्दाम पावलांच्या रेषेत ठेवा. आणि धप्पकन बसू नका. निम्मा व्यायाम खाली येण्यातच आहे. तीन आकडे मोजत टेका. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा, बराच फरक पडतो.

जोर लावताना बरेच जण नकळत श्वास रोखून धरतात. त्याने रक्तदाब एकदम चढतो. यावर सोपी युक्ती म्हणजे आकडे मोठ्याने म्हणायचे. तोंड चालू असलं की श्वास अडकत नाही. घरचे हसतात, हसू द्या.

कुकर नसेल तेव्हा भिंतीचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे, कोपरं वाकवून पुढे जायचं आणि परत यायचं. खांदे आखडत असतील तर हात बहुतेक कानांच्या पातळीला गेलेले असतात, ते खाली आणा. कंबर मागे राहून नुसतं डोकंच पुढे जात असेल, तर तो व्यायाम नव्हे, नमस्कार. अंग सरळ फळीसारखं ठेवा.

‘सलग अर्धा तास जमला तरच उपयोग’ या समजुतीने किती जणांना सोफ्यावर बसवून ठेवलंय! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. ती निदान दहा मिनिटं सलग हवी, ही जुनी अट मात्र २०२० च्या शिफारशींत काढून टाकली. म्हणजे तुकडे चालतात. दहा हजार पावलांचंही दडपण नको. तो आकडा लोकप्रिय झाला १९६५ च्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्रामुळे. यंत्राचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजेच दहा हजार पावलांचा मापक.

‘घरकाम करतो की, वेगळा व्यायाम कशाला?’ हा माझा लाडका बहाणा. पण बोलता येतंय आणि गाणं म्हणता येत नाही इतपत धाप लागली, तर ती मध्यम हालचाल. खाली बसून लादी पुसताना मला तशी धाप लागते, पोळ्या लाटताना अजिबात नाही. शिवाय आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताण हवा, तो पोळ्यांतून मिळत नाही.

खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. त्यातून पुन्हा तिसऱ्या दिवसाची दाराची कडी येते. आणि सोमवारची वाट बघू नका, पुढचा कुकर लागेलच.

छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. हृदयाचा त्रास, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर सुरू करण्याआधीच विचारा.

सध्या वरणाच्या तीन शिट्ट्यांत माझे बारा होतात. राजम्याला सात शिट्ट्या लागतात. त्या दिवशी मी चौथीनंतर बसून घेते, आणि त्याला खाडा धरत नाही.