गाणं दणकून वाजावं आणि शब्दही कळावेत: घरच्या स्टुडिओतलं मिक्सिंग-मास्टरिंग

जळगाव-धुळ्याकडे आता कुणाच्या तरी मागच्या खोलीत स्टुडिओ असतोच. लग्नसराईची अहिराणी गाणी, श्रावणातली कानबाईची गाणी तिथेच तयार होतात. तक्रारही बहुतेकांची एकच: "बाकीच्यांचं गाणं दणकून वाजतं, आपलंच बारीक का?" मग शेवटी लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं साधन) पिळला जातो. आवाज वाढतो, पण हलगी चपटी होते आणि गायक उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. दणका मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार गाण्यावरच्या शेवटच्या हातात, शोधू नका. तो मिक्समध्ये, म्हणजे गायक आणि वाद्यं एकत्र जुळवतानाच, तयार व्हावा लागतो.

रेकॉर्डिंगपासून सुरुवात

मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, हे खरं. तरी टेक चालू असताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवा. मिक्समधला कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग आपण एकूण पातळी उचलतो, आणि तिच्याबरोबर ती घरघरही वर येते. रेकॉर्डिंग 24 बिटवर करा आणि सर्वात मोठी तान मीटरवर उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (माइकची पातळी) ठेवा. लाल दिव्यापर्यंत नेण्यात काहीच फायदा नाही.

आधी फक्त फेडर

सगळे प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअर साधनं) बंद करा. फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकच्या आवाजाची पट्टी, हलवून गायकाचा आवाज आणि ताल आधी बसवा, मग एकेक वाद्य आत आणा. हे काम हळू आवाजात करायचं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की, आवाज जसा वाढतो तसा कानाला बेस जास्त भरीव लागतो. म्हणून स्पीकर फुल्ल करून केलेला मिक्स तिथे झकास वाटतो आणि मोबाइलवर पोकळ. हळू आवाजातही शब्द कळत असतील, तर पाया बरोबर आहे.

जागा मोकळी करा

किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस सोडून बाकी सगळ्यांना लो-कट (खालचे सूर छाटणारा फिल्टर) लावा: गायकाला 80 ते 100 हर्ट्झला, बेंजोला 150 च्या आसपास. खालचा हा गोळा कानाला फारसा जाणवत नाही, पण मीटरवरची जागा खातो. नंतर 200 ते 400 हर्ट्झ बघा. ढोल, हार्मोनियम, कीबोर्डचा पॅड (मागे लांबत राहणारा सूर) सगळे इथे गर्दी करतात, त्यामुळे गाणं घुमतं. गायकाला वर चढवण्याआधी पॅडमधून दोन-तीन डेसिबल काढून ऐका. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं.

बेंजोचं भांडण वेगळं. तो 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये कडकडतो, आणि शब्दांची स्पष्टताही तिथेच असते. ओळ चालू असताना बेंजो दोन डेसिबल खाली, ओळ संपली की परत वर. ऑटोमेशननं, म्हणजे हे चढ-उतार सॉफ्टवेअरमध्ये आधीच आखून, करा; कंटाळवाणं आहे, पण याला तोड नाही.

हलगीचं टोक

दणक्याचं खरं गुपित इथे आहे. हलगीवर काडी पडते तेव्हा वेव्हफॉर्ममध्ये एक सुईसारखं टोक उभं राहतं. मीटर लाल होतो, पण ते टोक इतकं क्षणिक असतं की कानाला त्याचा मोठेपणा जाणवत नाही. असं टोक तसंच मास्टरपर्यंत गेलं, की लिमिटर प्रत्येक काडीला अख्खं गाणं खाली ओढतो. म्हणून हलगीच्या ट्रॅकवरच सॉफ्ट क्लिपर लावून दोन-तीन डेसिबल छाटून टाका. ऐकताना फरक कळला, तर जास्त छाटलंय. किकचंही तसंच करा, आणि किक पडताना बेस क्षणभर दबेल असा साइडचेन लावा.

गायकावर एकच कडक कॉम्प्रेसर नको. दोन लावा, दोघांनी तीन-तीन डेसिबल दाबावं. अहिराणीत ओळीओळीला 'शे' येतो, त्यामुळे 5 ते 8 किलोहर्ट्झवर डी-एसर (श-स चा सुस्कारा दाबणारा प्लगिन) लागतोच. बेस मोबाइलवर गायब होतो, कारण तो इवलासा स्पीकर इतकं खालचं वाजवूच शकत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्या. वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) तयार होतात आणि त्यावरून कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो.

मास्टरिंग

शक्यतो दुसऱ्या दिवशी, ताज्या कानानं. तुम्हाला आवडणारं एक तयार गाणं शेजारच्या ट्रॅकवर घ्या आणि दोघांची पातळी सारखी करूनच तुलना करा; जरा मोठं असलेलं गाणं नेहमीच चांगलं वाटतं. मास्टरवर 2:1 चा कॉम्प्रेसर (मर्यादेवर दोन डेसिबल गेलं तर एकच बाहेर), सुई एक-दोन डेसिबल हलेल इतकाच. मग लिमिटर, सीलिंग (कमाल मर्यादा) उणे 1 डेसिबल ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक). लिमिटर तीन डेसिबलपेक्षा जास्त दाबत असेल, तर मागे मिक्समध्ये जा.

आकड्यांचं म्हणाल, तर यूट्यूब साधारण उणे 14 लफ्सच्या (LUFS, गाण्याच्या सरासरी मोठेपणाचं माप) वरचं गाणं आपणहून खाली आणतं. हळू असलेलं मात्र वर उचलत नाही. उणे 7 वर पिळलेलं गाणं सात डेसिबलनं खाली येतं, उणे 10 वालं चारनं. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच मोठी, फक्त दुसऱ्यात हलगी जिवंत असते. पडताळायचं असेल तर कंप्युटरवर व्हिडिओवर राइट-क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कंटेंट लाउडनेसपुढे 4 असेल, तर तुमचं गाणं तितके डेसिबल कमी केलंय.

एकदा मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) आणि एकदा साध्या मोबाइलवर ऐकून घ्या. मोनोत कोरस गायब झाला, तर स्टिरिओ रुंद करणारा प्लगिन काढा. यूट्यूबला 24 बिट वेव्ह फाइल द्या. डीजेवाल्याला पेनड्राइव्हवर 320 केबीपीएसची एमपी3 द्या. तिथे गाणी आपोआप समान होत नाहीत, म्हणून त्याची प्रत उणे 9 लफ्सपर्यंत नेली तरी चालेल. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नको, पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.