‘औषध घेतलंय’ म्हणजे काय: मराठवाड्यात इंटर्नशिपला येणाऱ्यांसाठी

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच रात्री एक माणूस बायकोला हातांवर उचलून कॅज्युअल्टीत आला. म्हणाला, "म्याडम, हिनं औषध घेतलंय." मी केसपेपर पुढं ओढला नि विचारलं, "कोणत्या गोळ्या? कुणी लिहून दिल्या होत्या?" तो माझ्याकडं बघतच राहिला. तेवढ्यात सिस्टर बाईच्या तोंडाजवळ वाकल्या, वास घेतला आणि मला बाजूला सारत म्हणाल्या, "अहो डॉक्टर, औषध म्हणजे फवारणीचं!" टॉर्च मारला तर दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडाला फेस, छातीत घरघर. सिनिअर धावत येईपर्यंत सिस्टरनी अॅट्रोपिनचे, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचे, अँप्युल फोडायला घेतले होते. बाई वाचली. मी ठाण्यात वाढलेली. आमच्याकडं औषध म्हणजे तापाची गोळी.

इकडं नव्यानं येणाऱ्यांना थोडी माहिती. मराठवाड्यातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर), १९५६ सालचं. त्याचं रुग्णालय म्हणजे घाटी. पुढं अंबाजोगाई, मग नांदेड (१९८८), लातूर (२००२). अलीकडच्या वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही कॉलेजं निघाली. डोक्यावर सगळ्यांच्या नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासूनचं. इंटर्नचा विद्यापीठाशी संबंध म्हणाल तर लॉगबुक आणि शेवटच्या कागदांपुरता. खरा संबंध सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी (वॉर्डबॉय आणि आया) यांच्याशी. पहिल्या दिवशी त्यांना नाव विचारा, चहा पाजा. पुढचे बारा महिने सोपे जातात.

माझं पोस्टिंग कुठं होतं ते सांगत नाही. सलाईन स्टँडपेक्षा पेशंट जास्त, लिफ्ट बहुतेक वेळा बंद, इतकं पुरे.

पण अवघड जाते ती भाषा. मराठीच आहे म्हणून गाफील राहाल. "पोट दुखू लालंय" म्हणजे दुखायला लागलंय, हे दोन दिवसांत कळतं. "अंगावरून वारं गेलं" म्हणजे लकवा, आणि "अंगावरून जातंय" म्हणजे बाईला पांढरं किंवा लाल जाणं. पहिल्याला मेडिसिन, दुसरीला गायनॅक. मी एका पेशंट बाईला अर्धा तास चुकीच्या रांगेत उभं केलं होतं. ती बिचारी काही बोलली नाही, तिची सून मात्र बोलली. आणि तिचं बरोबर होतं.

"पान लागलं" हा शब्द तर आजच पाठ करा. पान म्हणजे साप. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून असं म्हणतात. पावसाळ्यात रोज ऐकाल. सिनिअर सांगतील काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायला. नळी काचेचीच, कोरडी आणि साबणानं न धुतलेली हवी. नाहीतर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. वीस मिनिटांनी तिरपी करायची. रक्त न गोठता पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं डोक्यात आणायचं, त्यांचं विष रक्त गोठू देत नाही. ती वीस मिनिटं नातेवाईक तुमच्याकडं रागानं बघत असतात, "नुस्तं बघत काय बसलाय?" काय करताय ते त्यांना सांगा, घड्याळ दाखवा.

पण रक्त गोठलं म्हणून निवांत होऊ नका. आमच्याकडं एक पोरगा पहाटे पोटदुखी म्हणून आला. चावल्याची खूण कुठंच नाही, नळीतलं रक्त छान गोठलेलं. वॉर्डातल्या मामांनी सहज विचारलं, "खाली झोपला होता का रं?" व्हय म्हणाला. मग त्याला वर बघायला सांगितलं, तर पापण्या अर्ध्यावरच अडकलेल्या. मण्यार. ती रात्री अंथरुणात शिरते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. पोरगा चार दिवस व्हेंटिलेटरवर होता.

विंचवाच्या दंशाचंही ऐका. प्राझोसिन गोळीनं किती जीव वाचले ते पुस्तकात असतं, पण तो उपचार महाडमध्ये रुजवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, २०२२ चे पद्मश्री, हे मला इथल्या एका ब्रदरनं (पुरुष नर्सनं) सांगितलं. मोठ्या अभिमानानं.

कम्युनिटी मेडिसिनचे बारा आठवडे सगळे पीजीच्या अभ्यासासाठी राखून ठेवतात. मीही चार जाडजूड पुस्तकं घेऊन गेले होते. दसऱ्यानंतर बीडकडची कितीतरी घरं कुलूपबंद दिसली. माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारी आणि लेकरं. लसीकरणाच्या यादीतली निम्मी नावं गावात नव्हतीच. आशाताईंनी प्रत्येक घरचा मुकादम कोण नि कारखाना कोणता ते तोंडपाठ सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं. पुस्तकं तशीच परत आली.

आणखी एक. किती दिवसांपासून, असं विचारलंत तर तारीख मिळणार नाही, सण मिळेल. मार्चमध्ये एक आजी आल्या. खोकला कधीपासून? "येळवशीपासनं." मी "काही दिवस" असं लिहून मोकळी होणार होते. शेजारच्या लातूरच्या मैत्रिणीनं पेन धरलं. "येळवस म्हणजे वेळा अमावस्या गं, जानेवारीत झाली." दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे थुंकी तपासायला पाठवायचीच. केसपेपरवर ‘काही दिवस’ खोडून ‘दोन महिने’ लिहिलं आणि आजींच्या हातात डबी दिली.