शहर वाढलं, पण कोणत्या वयाचं? लोकसंख्येचे आकडे असे वाचा

नगरनियोजनाच्या कामात मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका शहराची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे एक तृतीयांश वाढलेली दिसली आणि मी अहवालात लिहून टाकलं, प्राथमिक शाळांचे वर्गही एक तृतीयांश वाढवा. वर्ग बांधून झाले आणि बरेचसे रिकामे राहिले. शहरात आलेली माणसं होती विशी-पंचविशीची, एकटी, एकेका खोलीत चौघं राहणारी. त्यांना भाड्याच्या खोल्या हव्या होत्या, रात्रपाळीनंतर घरी नेणारी बस हवी होती. मुलं अजून व्हायची होती. त्या दिवसापासून वयाची फोड पाहिल्याशिवाय एकूण आकड्यावरून मी काहीच ठरवत नाही. तुम्हीही ठरवू नका.

पहिलं काम हद्दीचं. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात 1950 साली 18,49,568 लोक होते, 2020 साली 6,39,111. शहर ओस पडलं असं वाटतं. पण भोवतालची उपनगरं धरून त्या महानगर प्रदेशात 2020 मध्ये सुमारे 44 लाख लोक राहत होते. उलट टोकाला चीनचं चोंगचिंग. तिथल्या तीन कोटींवर लोकसंख्येला ‘जगातलं सर्वांत मोठं शहर’ म्हणतात, पण त्या पालिकेचं क्षेत्र आहे सुमारे 82,000 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ऑस्ट्रियाएवढं, आणि त्यात डोंगर आहेत, शेतं आहेत. म्हणून दोन्ही वर्षांचा नकाशा आधी शेजारी ठेवा. मधल्या काळात गावं शहरात घेतली असतील, तर त्या गावांची जुनी लोकसंख्या जुन्या आकड्यात मिळवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं फुकट.

मग वाढीचा वेग. अमेरिकेतल्याच ऑस्टिन महानगर प्रदेशाची लोकसंख्या 2010 मध्ये 17,16,289 होती, 2020 मध्ये 22,83,371. वाढ 33 टक्के. याला दहाने भागून ‘वर्षाला 3.3’ म्हणू नका, कारण वाढीवरही वाढ होत असते. नव्या आकड्याला जुन्याने भागा, त्याचा नैसर्गिक लॉग (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) घ्या, तो दहाने भागा. उत्तर येतं सुमारे 2.86 टक्के. 70 ला या दराने भागलं की लोकसंख्या दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात, इथे साधारण साडेचोवीस. 3.3 धरला असता तर एकवीसच आली असती. पाणीयोजनेसाठी हा तीन-साडेतीन वर्षांचा फरक लहान नाही.

आता पाच-पाच वर्षांचे वयोगट, स्त्री-पुरुष वेगळे, असा तक्ता मिळवा आणि लोकसंख्या मनोरा काढा, म्हणजे प्रत्येक वयोगटाची एक आडवी पट्टी, लहान वयं खाली, मोठी वर, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. पहिल्यांदा तरी आलेखाच्या कागदावर, हाताने काढा. कोणती पट्टी शेजारच्या पट्टीपेक्षा अचानक लांब किंवा आखूड आहे, ते हाताला आधी कळतं. मात्र प्रत्येक खाच खरी नसते. जन्मतारीख नक्की माहीत नसली की माणसं वय ‘चाळीस’, ‘पंचेचाळीस’ असं गोळाबेरीज सांगतात. अडतीस-एकोणचाळीसची माणसं चाळिसात जाऊन बसतात, मग 35–39 चा गट उगाच बारीक दिसतो. एकेका वर्षाच्या वयाची आकडेवारी असेल तर ही खोड मोजणारा व्हिपल निर्देशांक काढा: 23 ते 62 वयांपैकी 0 किंवा 5 ने संपणाऱ्या वयांची माणसं किती, गुणिले 5, भागिले 23 ते 62 वयांची एकूण माणसं, गुणिले 100. उत्तर 100 च्या आसपास आलं तर वयं नीट नोंदली आहेत. पार 500 आलं तर प्रत्येकाने गोळाबेरीज वय सांगितलंय.

काही खाचा मात्र खऱ्याच असतात. जपानमध्ये 1966 हे तिथल्या पारंपरिक पंचांगाप्रमाणे ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्नी-घोड्याचं वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुलींबद्दलच्या जुन्या समजुतीमुळे जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी घटले. ती खाच तिथल्या एकेका वर्षाच्या वयाच्या मनोऱ्यात दरवर्षी एक पायरी वर सरकते आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दोन जनगणना दहा वर्षांच्या अंतराने झाल्या असतील, तर पहिलीतला 15–19 चा गट दुसरीत 25–29 झालेला असतो. तीच माणसं. समजा पहिल्या वेळी ती 40,000 होती. त्यातली 98 टक्के हयात धरली तर 39,200 दिसायला हवीत. दिसली 62,000. म्हणजे निव्वळ 22,800 माणसं बाहेरून आली. असं प्रत्येक गटाचं करा. तरुण वयात हयातीचं प्रमाण जवळजवळ पूर्ण असतं, साठीनंतर ते झपाट्याने उतरतं, म्हणून ते अंदाजाने धरू नका. शहराचा जीवनतक्ता, म्हणजे कोणत्या वयाची किती माणसं पुढे हयात राहतात याचा तक्ता, नसेल तर संपूर्ण देशात तोच गट दहा वर्षांत किती उरला ते प्रमाण वापरा. देशाबाहेरची ये-जा फार नसेल तर ते चालतं. शिवाय वय चुकीचं सांगण्याची खोड दोन्हीकडे सारखी असल्याने ती बरीचशी आपोआप वजा होते. मला हीच पद्धत अधिक आवडते.

0–9 चा गट असा तपासता येत नाही, पहिल्या वेळी ती मुलं जन्मलेलीच नव्हती. तिथे जन्मनोंदणी लागते, आणि तीही आईच्या राहत्या पत्त्यानुसार. आसपासच्या गावांतल्या बायका बाळंतपणाला शहरातल्या रुग्णालयात येतात. जन्मस्थळाप्रमाणे मोजलं तर शहरात नसलेली मुलं शहराच्या खाती पडतात.

हा हिशेब झाला की फुगवट्यांचे स्वभाव कळू लागतात. विद्यापीठाच्या शहरात 20–24 चा फुगवटा दहा वर्षांनीही त्याच जागी असतो, फक्त माणसं बदललेली असतात. एकाच वेळी वसलेल्या घरकुलांच्या वसाहतीत तो वर सरकतो: आधी पाळणाघर अपुरं, मग शाळा, आणि तीस-पस्तीस वर्षांनी सगळी वसाहत एकदमच म्हातारी. दुबईसारख्या ठिकाणी तो एकाच बाजूला, कामकरी वयाच्या पुरुषांकडे असतो. तिथे अवलंबित्वाचं प्रमाण, म्हणजे 15 ते 64 वयाच्या शंभर माणसांमागे लहान मुलं आणि वृद्ध किती, हे फारच सुखद दिसतं. कारण त्या कामगारांची मुलं आणि आईवडील दुसऱ्या देशात मोजलेले असतात.

पुढचा अंदाज बांधताना प्रत्येक गट पाच वर्षं वर सरकवा, हयातीचं प्रमाण लावा, स्थलांतर मिळवा, खाली नवे जन्म भरा. स्थलांतराचा एकच आकडा लिहू नका. कमी आणि जास्त अशा दोन शक्यता ठेवा, कारण एक कारखाना बंद पडला तरी तिशीतले लोक निघून जातात. पन्नाशी-साठीचे सहसा जात नाहीत. म्हणून मी हल्ली नव्या शहराचं काम हाती घेतलं की 55–59 ची ओळ आधी उघडते. ही माणसं बहुतेक इथेच राहणार आहेत आणि पंधरा वर्षांनी सत्तरीत असणार आहेत, तेव्हा रुग्णालय त्यांच्या घरापासून किती लांब आहे ते आजच मोजून ठेवते.