नवलाच्या बातम्या आणि वृत्तपत्रांचा संशय : तर्काच्या प्रश्नात या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमातली मुलं क्लॅटच्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लागली की इंग्रजी उताऱ्याची धास्ती घेतात. उतारा बहुतेकांना कळतो, गुण जातात ते तर्कात. एक नमुना मुद्दाम मराठीतच देतो.

‘कणकुंबीत मुसळधार पाऊस झाला, ही बातमी बहुतेक वृत्तपत्रं एका वार्ताहराच्या शब्दावर छापतात. पण मलप्रभा नदी तासभर उलटी वाहिली असं कुणी सांगितलं, की तीच वृत्तपत्रं ढीगभर पुरावे मागतात. म्हणजे नवलाच्या गोष्टींविषयी त्यांच्या मनात अढी आहे.’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त कशाने कमकुवत होतो?

अ) मलप्रभेचा तो दावा पुढे खोटा ठरला.
ब) काही वृत्तपत्रं असले दावे शहानिशा न करता छापतात.
क) पावसाच्या बातमीला आजवरच्या अनुभवाचा आधार असतो, नदी उलटी वाहण्याला तो नसतो.

हात पटकन ‘अ’कडे जातो, कारण नदी उलटी वाहत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पण प्रश्न नदीचा नाही, संपादकांचा आहे. मनात अढी धरूनही माणूस बरोबर ठरू शकतो. ‘अ’ निवडण्याची ही चूक सर्वांत महाग पडते. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी निष्कर्ष स्वतःच्या भाषेत, एका वाक्यात सांगा: ‘अढी आहे.’ त्याला आधार काय? ‘पुरावा कमीजास्त मागतात.’ आता मधली फट दिसते. कमीजास्त मागण्यामागे अढीखेरीज दुसरं कारण असेल का? ते ‘क’ देतो. कणकुंबीत पावसाळ्यात पाऊस कोसळतोच, त्यामुळे वार्ताहराच्या शब्दाला वर्षानुवर्षांच्या अनुभवाची जोड मिळते. उलट्या नदीला ती नाही, मग सगळा भार नव्या पुराव्यावर येतो. शहाणा माणूस पुराव्याच्या प्रमाणात विश्वास ठेवतो, असं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ साली मांडलं होतं, ते हेच.

‘ब’वर वेळ घालवू नका. ‘बहुतेक’ला ‘काही’ने धक्का लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे संशयाला नकार समजणं. ‘छापलं नाही, म्हणजे खोटं’ अशा पर्यायावर खूण करू नका. आकाशातून दगड पडतात हे अठराव्या शतकातल्या पुष्कळ विद्वानांना पटत नव्हतं. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाभोवती उल्कापाषाणांचा सडा पडला. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ-बाप्टिस्ट बियो यांनी तिथे जाऊन लोकांच्या साक्षी घेतल्या, दगड कुठे कुठे पडले ते नोंदवलं आणि विद्वानांचं मत फिरलं. आधीचा संशय रास्त होता, तरी दावा खरा निघाला.

उताऱ्यात २१ सप्टेंबर १९९५चा गणपती दूध प्यायल्याचा प्रसंग आला, तर पृष्ठताणामुळे (द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ताणामुळे) दूध मूर्तीकडे ओढलं जातं, हे स्पष्टीकरण आठवेलच, किंवा घरची श्रद्धा आठवेल. उताऱ्यात किंवा पर्यायात ते नसेल, तर दोन्ही बाजूला ठेवा.

चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. दोन पर्यायांत अडलात तर एकेक पर्याय खरा धरा आणि निष्कर्ष पूर्वीइतकाच पक्का राहतो का ते पाहा. ‘अ’ खरा धरूनही अढीचा आरोप तसाच राहतो, ‘क’ खरा धरला की तो डळमळतो.