कॅल्क्युलेटरला घरच्या घरी दिवा लावताय? या चुका टाळा

साध्या कॅल्क्युलेटरच्या एलसीडीला, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या पडद्याला, स्वतःचा उजेड नसतो. बाहेरचा प्रकाश आत शिरतो, मागच्या चकचकीत थरावरून परत फिरतो आणि जिथे आकडे उमटलेले असतात तिथे अडतो, म्हणून आकडे काळे दिसतात. अंधारात हिशेब करायचा तर वरून थोडासा उजेड पाडला की भागतं. या ‘थोडासा’कडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. माझंही झालं होतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आतल्याच सेलवर एलईडी, म्हणजे दोन पायांचा छोटा दिवा, जोडणं. आयती वीज आहे, दोन तारा काढल्या की काम झालं, असं वाटतं. पण कॅल्क्युलेटर मोजक्या मायक्रोअँपिअर विजेच्या प्रवाहावर चालतो आणि मंदसा एलईडीसुद्धा ५ मिलिअँपिअर, म्हणजे ५००० मायक्रोअँपिअर, ओढतो. वर्षानुवर्षं पुरणारा सेल काही तासांत बसतो. मी हे केलं तेव्हा दिवा लावला की आकडे फिके पडायचे. मग एका रात्री मेमरीत ठेवलेली बेरीजच उडाली. दिव्याचा सेल वेगळाच हवा, आणि कॅल्क्युलेटर उघडायचाच नाही.

आता तो सेल कोणता? पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. दीड व्होल्टचे दोन सेल नवे असेपर्यंत तो मिणमिणतो, ते थोडे उतरले की विझतो. सेल अजून चांगले असतात, आपण मात्र जोडणीत दोष शोधत बसतो. तीन सेल लावले की ४.५ व्होल्ट होतात, पण मग रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा छोटा भाग, हवाच. वरचे दीड व्होल्ट भागिले ०.००५ अँपिअर (तेच ५ मिलिअँपिअर) म्हणजे ३०० ओहम. बाजारात मिळणारा ३३० ओहमचा घ्या. रेझिस्टर गाळला तर एलईडी एकदा झगझगीत पेटतो आणि लवकरच मरतो. दोनच सेलवर भागवायचं असेल तर लाल एलईडी बरा. त्याला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, शिवाय अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. रेझिस्टर इथेही लागतोच, २२० ओहमचा चालेल.

अजिबात पेटत नसेल तर आधी पाय उलटे लागलेत का पाहा. लांब पाय धन टोकाला.

दिवा पेटला तरी आकडे वाचता येतीलच असं नाही. एलईडीची जागा चुकली तर काचेत त्याचंच प्रतिबिंब चमकतं. बाजूने फार तिरपा सोडला तर वेगळीच गंमत होते: आकडा पुढच्या थरात आणि त्याची सावली मागच्या थरावर, किंचित सरकलेली. ३ आणि ८ यांत गल्लत होते. वरच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर, खाली झुकलेला एलईडी मला सगळ्यात सोयीचा वाटला. त्याच्यावर बटर पेपरचा तुकडा गुंडाळा, नाहीतर मध्ये एक झगझगीत ठिपका आणि कडेचे आकडे काळोखात. मात्र वरच्या कडेलाच सोलर पट्टी असेल तर दिव्याची बैठक तिच्यावर येऊ देऊ नका. बटण सेल नसलेला कॅल्क्युलेटर मग दिवसाही मुका होतो.

स्विच दाबून धरायचा घ्या. सरकवायचा स्विच बॅगेत आपोआप सुरू होतो आणि सकाळी सेल रिकामा. दिव्यासाठी नाण्यासारखा सीआर२०३२ वापरलात तर तो उघडा ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजून जिवावर बेतू शकतं. त्याला स्क्रूने बंद होणारं झाकण हवंच.

राहिला गोंद. तारांना डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम कॅल्क्युलेटरपासून दूर करा आणि तयार दिवा दुहेरी टेपने चिकटवा. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची वाफ प्लास्टिकच्या खिडकीवर बसून पांढरट थर धरते, आणि तो नुसता पुसून जात नाही. माझ्या जुन्या कॅल्क्युलेटरवर एकम स्थानचा आकडा अजूनही धुक्यातच असतो.