मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे? गोळ्यांची पिशवी घेऊन या

"रक्त पातळ करायची गोळी घेता का?" असं मी आता विचारतच नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनआधीची तपासणी मी बघते. पूर्वी हाच प्रश्न विचारायचे. राधानगरीकडच्या एका मामांनी "न्हाई" म्हटलं, मी फॉर्मवर लिहून टाकलं. ऑपरेशनच्या दिवशी खिसे रिकामे करायला लावले, तर तंबाखूच्या पुडीबरोबर इकोस्प्रिन गोल्डचं पाकीट निघालं. "ही व्हय? ही हार्टची हाय!" त्या एका कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन्ही औषधं असतात. डॉक्टरांनी सुईची भूल रद्द करून थेंबांवर काम केलं. चूक माझीच, प्रश्नच चुकीचा होता.

म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत टाकून आणा. कापलेलं पाकीट असेल तर बिल किंवा चिठ्ठीही आणा, कारण नाव बहुतेक वेळा मेडिकलवाल्याकडच्या तुकड्यावर राहिलेलं असतं.

शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून आठवडाभर आधी गोळी बंद करून येणारे बरेच असतात. असं करू नका. मोतीबिंदूचा छेद बहुतेक वेळा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, दोन-तीन मिलिमीटरचा असतो. त्या पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात. उलट गोळी बंद केल्यानं हृदयातल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. स्टेंट नुकताच बसवला असेल तर हार्टच्या डॉक्टरांना विचारून तारीखच पुढे घ्या. मोतीबिंदू कुठं पळून जात नाही.

वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट हवा, महिन्यापूर्वीचा नको. बहुतेकांचा २ ते ३ मध्ये लागतो, कृत्रिम झडप असेल तर थोडा जास्त चालतो. श्रावणात माणसं एकदम मेथी-पालकावर येतात आणि आकडा खाली घसरतो. नवीन अँटिबायोटिकनं तो बऱ्याचदा चढतो. झारेल्टो, एलिक्विस अशा रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांना आयएनआर उपयोगाचा नाही. त्यांची शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून आणा, किडनीचा त्रास असेल तर तेही सांगा.

भूल थेंबांची की सुईची, हे डॉक्टरांना आधीच विचारा. डोळ्यामागे सुई गेली तर तिथं रक्त साठण्याची भीती असते.

पापणी, अश्रूपिशवी, काचबिंदू यांचं गणित वेगळं. तिथं कधीकधी गोळी थांबवावी लागते, पण दोन्ही डॉक्टरांनी ठरवून. बंद करायची तारीख लिहून घेताना परत चालू करायचीही लिहून घ्या. ती विसरलेले पेशंट मी पाहिलेत.

ऑपरेशननंतर डोळ्याचा पांढरा भाग लालभडक दिसला तर घाबरू नका, दोनेक आठवड्यांत तो निवळतो. पण डोळा ठणकायला लागला किंवा नजर कमी झाली तर रात्रीही फोन करा.

आणि हो, लघवीसाठीची टॅम्सुलोसिनही पिशवीत असू द्या. तिचा रक्ताशी संबंध नाही, पण तिच्यामुळं बाहुली नीट मोठी होत नाही आणि ऐन ऑपरेशनात डॉक्टरांची तारांबळ उडते.