पदवी घेऊन गावी परतल्यावर पहिल्या वर्षात काय करावे

पदवी घेऊन तुम्ही परभणी, हिंगोली किंवा बीड जिल्ह्यातील आपल्या गावी परताल, तेव्हा प्रथम मतदार यादी पाहावी. नाव नसेल तर नमुना ६ भरावा. शिकताना शहरात नाव नोंदवले असेल तर ते गावी आणण्यासाठी नमुना ८ भरावा. पदवीला तीन वर्षे झाली, की मराठवाड्याच्या पदवीधर मतदारसंघातही नमुना १८ भरून नोंदणी करता येते, मात्र ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते, हे लक्षात ठेवावे.

खरे काम ग्रामसभेत आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, की पुढच्या सभेला ही अट उरत नाही आणि मग दहा-बारा जण साऱ्या गावाच्या नावे ठराव करू शकतात. म्हणून पहिल्याच सभेला जावे आणि घरातील आई-बहिणींनाही सोबत न्यावे. प्रश्न कागदावर लिहून न्यावा. ‘पाण्याचे काय?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘एप्रिलमध्ये टँकरच्या किती खेपा मंजूर होत्या आणि नोंदवहीत किती लिहिल्या आहेत?’ असे विचारले, तर उत्तर टाळणे अवघड जाते.

आणि वाचल्याशिवाय सही करू नये. मी पदवीनंतर पहिल्यांदा ग्रामसभेला गेलो, तेव्हा प्रोसिडिंगची वही फिरत माझ्यापर्यंत आली. वर अर्धे पान कोरे होते आणि खाली सह्यांची रांग होती. वडीलधाऱ्यांनी केली म्हणून मीही सही केली. पुढे त्या कोऱ्या जागेत विहिरीतील गाळ काढल्याचा खर्च मंजूर झालेला मी वाचला. त्या उन्हाळ्यात विहिरीत कोणी उतरलेच नव्हते, आणि खाली माझी सही होती. त्याची बोच अजून गेलेली नाही.

ठरावाची प्रत मिळत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. कारण सांगावे लागत नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

शांतता राखण्याचे काम याहून कठीण आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, तेव्हा आपल्याच गावांतून दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ती घरे जाळणारे बाहेरून आलेले नव्हते, त्याच शिवारातले होते. आज ठिणगी मोबाइलवर येते. पुतळ्याची विटंबना झाली, मिरवणुकीवर दगड आले, असा संदेश रात्री गावाच्या ग्रुपवर पडला, तर तो पुढे पाठवू नये. ज्या वस्तीचे नाव त्यात आले असेल तेथील वर्गमित्राला लगेच फोन करावा आणि काय घडले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. फोन लागला नाही, तर त्याच्या घरी जावे आणि तेथून दोघांनी मिळून पोलीस पाटलांकडे जावे.